"भाईर कसं वाजलं?"

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही दत्ताभाऊंना ओळखत नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

आमचा वडवणीचा ऑर्केस्ट्रा होता. लग्न, बारसं, सत्कार, बोलावतील तिथं जायचो. दत्ताभाऊ कीबोर्ड वाजवायचे आणि मी समोर मांडवात मिक्सर सांभाळायचो. स्टेजवरच्या माणसाला आपलं वाजवणं पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून ऐकू येतं. लोकांना मोठ्या स्पीकरमधून काय ऐकू जातं, ते त्याला कळत नाही. ते मिक्सरवाल्याला कळतं. म्हणून कार्यक्रम संपला की भाऊ घाम पुसत थेट माझ्याकडे यायचे. "सांग बे रम्या, भाईर कसं वाजलं?" दुसऱ्या कुणाला ते विचारायचेच नाहीत.

आणि मीही जीव लावायचो, खोटं नाही. कीबोर्डचा खालचा घुमारा जरा कापायचा, म्हणजे ढोलकीशी भांडण नको. वरचा आवाज थोडा उघडायचा. कॉम्प्रेसर अगदी नावापुरता — भाऊंनी हळूच वाजवलेलं मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही ऐकू जावं, एवढाच. मग लोक येऊन भाऊंचा हात हातात घ्यायचे. माझ्याकडे कोण बघतंय? मिक्सरवाला आठवतो तो स्पीकरची शिट्टी वाजली की. मला ते डाचायचं. लई डाचायचं.

मग गेवराईच्या एका लग्नात, भर दुपारी, अंबाजोगाईच्या एका मोठ्या ग्रुपचा मालक भाऊंना ऐकायला आला. आवडले तर घेऊन जाणार होता. एकट्या भाऊंना. "मी गेलो की तुजं बी बोलतो," भाऊ मला म्हणाले होते. बोलले असते का? बोलले असते. मला ते तेव्हाही माहीत होतं.

मी काय केलं? तीन बटणं फिरवली — बस. वरचा आवाज कापला. खालचा घुमारा वाढवला. आणि कॉम्प्रेसर इतका आवळला की हळू काय नि जोरात काय, सगळं एकसारखं. भाऊंची सगळी नजाकत त्या फरकातच होती. मॉनिटरची लाइन वेगळी, तिला हात लावला नाही. तिथं त्यांना सगळं छान ऐकू येत होतं, डोळे मिटून वाजवत होते. बाहेर मात्र गोधडीतून यावं तसं येत होतं. तो मालक अर्ध्यातच उठून जेवायला गेला.

भाऊ आले. तोच प्रश्न. मी म्हणालो, "भाऊ, बोटं जड झाल्यासारखी वाटली."

त्यांच्या वडिलांची बोटं उतारवयात आखडली होती. आपलंही तसंच होईल, ही धास्ती भाऊंनी फक्त मला सांगितली होती. मग माझ्या तोंडून ते चुकून निघालं का? नाही. मी ते आठवूनच बोललो.

नंतर त्यांनी एका पाहुण्याने मांडवात बसून मोबाइलवर टिपलेलं आपलं वाजवणं ऐकलं, आणि उरलीसुरली शंकाही गेली. "मला तर बरं लागत व्हतं रे," ते म्हणाले. "मंग माजे कान बी गेले का?"

मी वायरी गुंडाळत राहिलो.

पुढच्या कार्यक्रमांत मी सगळं नीट लावलं. पण आता ते भिऊन वाजवायचे, आणि बोटं खरंच अडखळायची. चार-पाच कार्यक्रमांनंतर त्यांनी कीबोर्ड चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला. आता ते आठवडी बाजारात भांड्यांचं दुकान लावतात.

मागच्या महिन्यात ते एका लग्नाला पाहुणे म्हणून आले होते. मांडव अजून भरला नव्हता, आमचा कीबोर्डवाला यायचा होता, आणि मला आवाज लावायचा होता. मीच म्हणालो, भाऊ, दोन सूर वाजवा. नको नको करत ते कीबोर्डसमोर बसले. मी आधी लावायचो तसं सगळं लावलं — तळमळून लावलं. त्यांनी वाजवलं. खुर्च्या मांडणारी माणसं खुर्च्या हातात धरून थांबली. मग भाऊंनी एकदम हात काढून घेतला आणि स्टेजवरूनच, इतक्या वर्षांनी, विचारलं, "भाईर कसं वाजतंय बे?"

खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग त्या दिवशी काय झालं होतं?

"ठीक हाय, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, बोटं शर्टाला पुसली आणि पंगतीकडे गेले.

बाहेर फार सुरेख वाजत होतं.