न खपलेल्या प्लॉटांवरचा रग्बी क्लब

जळगावातल्या आमच्या रग्बी क्लबचं पहिलं मैदान म्हणजे आबांचं न खपलेलं लेआउट. शहर संपून केळीच्या बागा सुरू होतात तिथे आबांनी शेत मोडून प्लॉट पाडले होते. नंबर घातलेले दगड रोवले, रस्त्यावर कमान उभी केली, कमानीवर देवाच्या नावाची 'नगरी' रंगवून घेतली, आणि मग गिऱ्हाईकच फिरकेना. बाभळी उगवायला लागल्या तेव्हा आमच्या मॅडम त्यांना भेटल्या.

मॅडम कॉलेजात खेळ शिकवायच्या. मुलींचा कबड्डीचा संघ त्यांनी जिवापाड बांधला होता आणि लग्नसराईने तो एका उन्हाळ्यात मोडला. उरलेल्यांना घेऊन काय करायचं, या विचारात असताना त्या पुण्याला कसल्याशा शिबिराला गेल्या आणि येताना पपईच्या आकाराचा चेंडू घेऊन आल्या. सातजणींचा रग्बी खेळता येतो, असं त्यांनी सांगितलं. मी तेव्हा एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होते आणि संध्याकाळी मोकळी असायचे, एवढीच माझी पात्रता. घरी आईला खेळाचं नाव सांगितलं तर ती म्हणाली, "रग्बी? म्हणजे तिथे तुझी रग जिरवतात का? मग जा."

आबांनी जागा दिली, पण अट घातली: एकही दगड हलता कामा नये. मोजणी परत करायला ते तयार नव्हते. मग आम्ही पोत्यांत केळीची वाळकी पानं कोंबली आणि प्रत्येक दगडाला एक पोतं बांधलं. लेआउटचा मुख्य रस्ता ही आमची मधली रेघ. चेंडू घेऊन कडेच्या प्लॉटांच्या ओळीत शिरायचं आणि जमिनीला टेकवायचा, की गुण. "बावीस नंबरमध्ये पाड तिला," अशा सूचना मैदानावर चालायच्या. प्लॉट बघायला आलेलं एक जोडपं त्या ऐकून मोटरसायकलवरून न उतरताच परत गेलं.

आबा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे. मूळचे अमळनेरकडचे, त्यामुळे बोलणं अहिराणी. आम्ही एकमेकींना कंबरेत धरून आपटतो याचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्यांची अडचण वेगळीच होती. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. धावायचं पुढे, पण द्यायचा तो आपल्या मागच्या मुलीला. आबांना हे पटेना. पहिल्या दिवशी त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं.

"पुढे पळनं आनि मांगे फेकनं? हाई काय खेळ शे?"

मॅडमनी समजावलं. दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. मग ते आम्हाला एकेकीला गाठून विचारू लागले, जणू कोणीतरी एक खरं काय ते कबूल करेल. हळूहळू प्रश्न थांबले आणि आबा नुसते बघत बसू लागले. आम्हाला वाटलं, कंटाळले.

पहिला सामना ठरला धुळ्याशी. तिथेही असाच नवा क्लब निघाला होता. थंडीचे दिवस होते. आबांनी बाभळी तोडून घेतल्या आणि सामन्यानंतर भरिताचं जेवण जाहीर केलं. त्यामुळे प्रेक्षक भरपूर आले. पंच नाशिकहून आले. धुळ्याच्या मुली एसटीने आल्या, आणि उतरल्या तेव्हा कळलं की त्या सहाच आहेत. सातव्या मुलीचा त्याच दिवशी भरतीचा पेपर निघाला होता.

आमच्याकडे बदली खेळाडू म्हणून एकटी मी होते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं तेव्हाच मला पुढचं समजलं.

धुळ्याची कॅप्टन होमगार्डमध्ये होती, माझ्याहून वीतभर उंच. आपल्या गैरहजर मुलीचा टीशर्ट तिने माझ्या अंगावर चढवला. तो मला गुडघ्यापर्यंत आला. मग तिने मला बाजूला घेतलं.

"एकच सांग. तू आमची का त्यांची?"

"सामना संपेपर्यंत तुमची," मी म्हणाले.

मी ते मनापासून म्हटलं होतं, कारण खरं सांगायचं तर आमच्या संघाने मला बाकावर बसवलं याचा मला चांगलाच राग आला होता. शिवाय आमच्या संघाकडे एकच ठरलेली चाल होती. 'भरीत' अशी आरोळी आली की चेंडू डावीकडे जायचा. ती चाल मी इतके महिने बाहेर बसून पाठ केली होती. पहिला अर्धा डाव कोणालाच गुण मिळाला नाही. दुसऱ्यात आमच्या क्लबची, म्हणजे आता समोरच्या संघाची, मुलगी ओरडली, "भरीत!" प्रेक्षकांतल्या काहीजणांना जेवण तयार झालं असं वाटून ते उठलेही. मी डावीकडे झेपावले, चेंडू मधेच पकडला आणि पळत सुटले. माझी रोजची मैत्रीण मागून आली आणि तिने माझा टीशर्ट धरला. पण टीशर्ट एवढा ढगळ होता की तिच्या हातात नुसतं कापड लांबत गेलं. बाही फाटली, मैत्रीण पडली, आणि मी बाभळीच्या खुंटांतून वाट काढत चेंडू जमिनीला टेकवला. होमगार्डने मला उचलून घेतलं. समोर माझ्याच क्लबच्या सगळ्या मुली कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

शेवटच्या मिनिटाला आमच्या मुलींनी बरोबरी केली. पंचांनी शिट्टी वाजवली, गुण दिला, ढोलकही वाजायला लागलं. तेवढ्यात आबा खुर्चीतून उठले आणि सरळ मैदानात चालत आले. पंचांसमोर उभे राहून शांतपणे म्हणाले, "साहेब, चेंडू पुढे गया. मी देखं."

पंच मागे राहिले होते, त्यांना दिसलं नव्हतं. नियमाने त्यांनी आबांचं ऐकायची गरज नव्हती. तसं ते म्हणालेही. पण चेंडू देणाऱ्या आमच्या मुलीने मान खाली घातली आणि पुढेच गेला होता, असं सांगून टाकलं. गुण रद्द झाला. धुळे जिंकलं.

त्या दुपारी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अशी पंगत बसली. धुळ्याच्या मुली पोटभर जेवल्या. आमच्या पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती. आबांना वाढायलाही कोणी जाईना. शेवटी तेच पत्रावळ घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले, आणि आम्ही दोघं जेवलो. भाकरी संपता संपता बाही फाडणारी मैत्रीण समोर येऊन बसली. तिने एवढंच विचारलं की मी एवढ्या जोरात पळू शकते हे आधी का दाखवलं नाही. पुढच्या सामन्यापासून मी बाकावर बसले नाही.

धुळ्याशी मात्र एक प्रथा पडून गेली. दोघांचा सामना असला की दोन्ही संघ एकेक खेळाडू अदलाबदल करतात. कोणाला द्यायचं यावर दोन्हीकडे भांडणं होतात, कारण नकोशी मुलगी दिली तर ती चिडून फार चांगली खेळते.

पुढे हायवे रुंद झाला आणि प्लॉट धडाधड खपले. मैदान एका टोकाकडून खाल्लं जाऊ लागलं. पहिलं घर बावीस नंबरवर उभं राहिलं. आमचा चेंडू त्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांत पडायचा. तिसऱ्यांदा पडला तेव्हा घरची बाई चेंडू काखेत मारून तरातरा खाली आली. आम्ही ऐकून घ्यायच्या तयारीने उभ्या राहिलो. ती दोन मुलांची आई, दंड भरलेले, पाय जमिनीत रोवल्यासारखे. तिने आधी पापडांचा हिशेब आम्हाला नीट ऐकवला. मग चेंडू हातात फिरवत विचारलं की यात वयाची काही अट असते का.

मॅडमनी तिला संघात घेतलं. आज आम्ही एका शाळेच्या मैदानावर खेळतो, आणि एकमेकींना भिडून रेटायची वेळ आली की ती मधोमध असते. तिला अजून कोणी मागे रेटलेलं मी पाहिलं नाही.