लाळेतली साखर

लोकांच्या थुंकीवर संशोधन केलं की किस्से आपोआप साठतात. रिझल्ट तेवढे साठत नाहीत! नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी कांबळे सरांच्या हाताखाली पीएचडी करत होते. बोटाला सुई न टोचता, लाळेवरून शुगर सांगणारा सेन्सर बनवायचा होता.

पहिल्याच सेमिनारला सरांनी तासभर सगळं समजावून सांगितलं. मागून एक आवाज आला, "म्हंजे सर, भिंतीवर थुकलं की रिपोर्ट?"

*

सेन्सरला शुद्ध चांदीची तार लागायची. मी एसटीने चांदीच्या दागिन्यांच्या हुपरीला गेले. कारागिराने विचारलं, "पैंजणाला व्हय?"

"नाही, लाळेत बुडवायला."

तार त्याने दिली, पण तोंड वाकडं करून. "ताई, आमी चांदी पायात घालतो, पर तिच्यावर थुकत न्हाय!"

*

लाळ द्यायचे आमचे लॅब अटेंडंट पाटील मामा. राहायला कसबा बावड्यात, घरी चार म्हशी. डायबेटिस जुना आणि सुई बघितली की घाम फुटायचा. साखर जास्त तेवढा सेन्सरचा करंट जास्त; एका सकाळी तो असा उसळला की सरांनी टाळीच वाजवली. मग शंका आली. "मामा, उपाशीपोटीच आलाय ना?"

"व्हय की! चहा तेवढा घेतलाय. त्याबिगर थुकी सुटत न्हाय!"

*

म्हणून सरांनी चिंच आणली आणि मामांच्या नाकासमोर धरली. मामांचं तोंड कोरडं ते कोरडंच. पाणी सुटलं ते सरांना! आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

शुगर वाढली की तोंड कोरडं पडतं, हे सरांना आणि मला पाठ होतं.

*

मामा रोज विचारायचे, "ताई, आज किती?"

आकडा कधी वर, कधी खाली. त्यावर भरवसा ठेवावा असं काहीच नव्हतं. मी म्हणायचे, "झकास, मामा!" त्यांचा चेहरा खुलायचा.

सर एकदा म्हणाले, "त्यांना रक्त तपासून घ्यायला सांग. हा नुसता प्रयोग आहे."

"सांगते," म्हटलं. थिसिसची गडबड होती. राहिलं.

*

गोठ्यात मामांच्या पायात खिळा गेला. जखम भरेना. राजारामपुरीतल्या दवाखान्यात गेले तोवर उशीर झाला होता. पाऊल काढावं लागलं.

सर आणि मी भेटायला गेलो, तेव्हा डॉक्टर मामांवर चिडले होते. "शेवटची शुगर कधी तपासली होती?"

"रोज तपासतोय की, कॉलेजात!"

मग मामांनी शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "पावणं, ह्या ताईंचं मशीन. लई गुणाचं! दोन वर्सांत मला एकदाबी वाईट बोललं न्हाय."