पौषातला पावशा

माझे वडील नागपूरला, सक्करदऱ्याच्या बाजूला, शाळामास्तर होते. घरात पूजाअर्चा होती, पण अंगात येणं, उतारे, पिंपळावरची भुतं... यांतलं काही त्यांनी आम्हा भावंडांच्या कानांवर पडू दिलं नाही. मीही तशीच वाढले. आजही कुणी असलं काही सांगू लागलं, की मी आधी विचारते — तुम्ही त्या वेळी नीट जागे होता ना? तेव्हा माझ्यावरही कुणी हाच प्रश्न टाकला तर मला राग येणार नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. लग्न होऊन मी नरखेडजवळच्या एका खेड्यात आले होते. संत्र्याचा बगीचा, थोडी कपाशी, आणि बगीच्यातच कौलारू घर. यजमान नागपूरला कचेरीत कारकून. शनिवारच्या गाडीने यायचे. एरवी घरात सासरे, सासूबाई — त्यांना मी आत्याबाई म्हणत असे — आणि धाकटी नणंद चंद्री.

चंद्री जन्मापासून बहिरी. त्यामुळे बोलणंही आलं नाही. सतरा-अठरा वर्षांची झाली होती, पण तिच्या लग्नाचा विषय घरात कुणी काढत नसे. हात मात्र असा, की तिने कोळशाने भिंतीवर काढलेली साळुंकी आता उडेल असं वाटायचं. यजमानांनी सीताबर्डीवरून तिला एक जाड ड्रॉइंग-बुक आणि रंगांची पेटी आणून दिली, आणि आम्हा नणंद-भावजयींचा उद्योग सुरू झाला. बगीच्यात, शेताच्या धुऱ्यावर, नाल्याकाठी जे दिसेल ते तिने काढायचं. मी शेजारी महिना, जागा आणि नाव लिहायचं.

फाल्गुनात पळस झाला. त्याचा शेंदरी काही केल्या जमेना, तेव्हा तिने चक्क फूलच कागदावर चोळलं. चैत्रात मोहाची फुलं, मृगात तो मखमली लाल किडा, भादव्यात तेरडा. दसऱ्याच्या सुमारास तारेवर नीळकंठ येऊन बसला, तर ही भाकर तव्यावर टाकून पळाली. भाकरीचा कोळसा झाला. आत्याबाई माझ्यावरच रागावल्या — तिच्यावर रागावून उपयोग काय, असं म्हणून.

एकदा पावशा काढून झाल्यावर तिने बोट त्याच्या चोचीवर ठेवलं आणि मग माझ्या ओठांवर. हा काय म्हणतो? मी गांगरले. आवाज कसा सांगायचा? मग सुचलं ते केलं. तिचा हात पुढ्यात घेतला आणि मनगटापासून बोटाने टोकत टोकत वर गेले. पेर्ते व्हा, पेर्ते व्हा... पावशाचा आवाज दर खेपेला वर चढतो ना, तसं कोपरावर, दंडावर, खांद्यापर्यंत. आणि तो जसा एकदम तुटतो, तसं एकदम बोट उचललं. ती कितीतरी वेळ आपल्या खांद्याकडे बघत राहिली. त्यानंतर प्रत्येक पक्ष्याचा आवाज ती मागू लागली. कुंभारकावळ्याचा, म्हणजे भारद्वाजाचा, घुमणारा आवाज मी तिच्या पाठीवर तळहाताने थोपटून सांगत असे. ते तिला फार आवडायचं.

पौषात तिला ताप आला. काटोलहून डॉक्टर आले, मुदतीचा ताप आहे म्हणाले, औषध देऊन गेले. ताप काही उतरेना. पोर चिपाडासारखी झाली. पाणी पाजायचं तरी मान धरावी लागे.

त्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, मी तिच्या उशाशी बसले होते. आत्याबाई पायाशी. वारं बोचरं होतं म्हणून खिडकी लावून वर गोणपाट टांगलं होतं. सासरे अंगणात माणसांकडून संत्र्यांचे पेटारे बांधून घेत होते. आणि बाहेर पावशा बोलला.

मला पहिल्यांदा काही वाटलंच नाही, इतका तो ओळखीचा आवाज. मग लक्षात आलं — हा पौष आहे. थंडीत पावशा गप्प असतो. मी मान वर केली, तोच चंद्रीने घोंगडीखालून हात काढला, चाचपडत माझं मनगट धरलं, आणि तिचं बोट माझ्या हातावरून चालू लागलं. बाहेर आवाज एक पायरी चढला, की बोटही चढे. कोपर, दंड, खांदा. आवाज तुटला... बोट उचललं गेलं. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला, आणि पुन्हा तिचं बोट मनगटावर आलं. डोळे मिटलेले, पण चेहरा असा, की दुखणं नाहीच.

मी आत्याबाईंना विचारलं, "पावशा ऐकला का तुम्ही?"

"पौषात कुठला पावशा वं?" त्या म्हणाल्या. "तुही झोप नाही झाली."

मी दार उघडून अंगणात गेले. सासऱ्यांना विचारलं, माणसांना विचारलं. कुणी काही ऐकलं नव्हतं. विहिरीजवळच्या आंब्याचं पान न् पान बघितलं. काही नाही. परत आले तेव्हा चंद्रीला गुंगी लागली होती, हात घोंगडीबाहेर तसाच राहिला होता. दिवेलागणीच्या आत ती गेली.

यजमानांना मी पुढे हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, तिला तापात आपला खेळ आठवला असेल, आणि तिचं बोट चालताना तुला आवाजाचा भास झाला असेल. हे पटण्यासारखं आहे. मलाही पटवून घ्यायचं होतं. पण आवाज आधी आला हो! तिचा हात तेव्हा घोंगडीखाली होता. त्या घरात इतके धडधाकट कानांचे लोक, आणि तो ऐकला फक्त दोघींनी... त्यातली एक बहिरी.

आत्याबाईंशी मात्र मी कधी बोलले नाही. त्यांनीच विषय काढला, दोन-अडीच वर्षांनी. आम्ही दोघी ओसरीवर तूर पाखडत होतो. मध्येच सूप थांबवून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू मले पावशाचं काहून विचारलं होतं?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तिले ऐकू येऊन राहिलं होतं."

"तसंच वाटलं मले."

"तू उठून बाहेर गेली, तवा मी तिच्याजवळ सरकली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, देवा, आता ने हिले, लय झालं. तोंडानं म्हटलं वं, मोठ्यानं. तिले ऐकू येत नाही म्हनूनच म्हटलं." त्यांचे हात तुरीत तसेच राहिले. "थेबी ऐकलं असन का तिनं?"

"नाही आत्याबाई," मी म्हटलं, "तिले फक्त पावशा आला ऐकू."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा सूप उचललं. मी हे कशाच्या आधारावर सांगितलं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आजही नाही.