झाडलेली वाट

नागभीडच्या पुढे जंगलाची वाट सुरू होते, तिथला वनमजूर मला दर रविवारी भेटतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो कायम अनवाणी असतो आणि त्याच्या डाव्या पायाला करंगळी नाही. वाघाला तो वाघ म्हणत नाही, नुसतं 'तो' म्हणतो. रोज सकाळी पळसाच्या फांदीने वाटेवरची धूळ सारखी करतो, म्हणजे कोण गेलं ते ठशांवरून कळतं.

कचेरीच्या कामाने माझी झोप उडाली होती. रात्री-अपरात्री फोन वाजायचा. म्हणून रविवारी मोबाइल बंद करून मी एकटाच जंगलातल्या तळ्याकाठच्या मोहाखाली दिवसभर पडून राहायचो. तिथे मेल्यासारखी झोप लागायची. त्याला हे सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "झोपा जी, निवांत."

संध्याकाळी परतताना वाट पुन्हा झाडलेली असायची. माझे सकाळचे ठसेसुद्धा नसायचे.

गेल्या रविवारी आभाळ भरून आलं म्हणून मी लवकर उठलो. वाट झाडलेली नव्हती. माझ्या बुटांच्या ठशांवर वाघाचे पंजे उमटले होते. आणि त्या पंजांवर अनवाणी पावलं, डाव्याला करंगळी नसलेली.

वळणावर तो फांदी तोडत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पयल्या रविवारपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं त तुमची झोप गेली असती," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुमी झोपले का तो बी अंग टाकते. मी जागाच राह्यतो ना जी."