नापास करणारा माणूस

विशे चेकर आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा त्यांनी आधी कप वर उचलून त्याचं बूड पाहिलं, मग काठावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि मगच चहा तोंडाला लावला. जाता जाता दाराच्या पडद्यावरूनही तेच नख फिरलं. "वैनी, तीन टाके सुटलेत," म्हणाले. माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता आणि पडदा मी स्वतः शिवलेला. पहिल्याच दिवशी हा माणूस माझ्या डोक्यात गेला.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. आमचे हे तिथे वेल्डर आणि विशे चेकर. तयार झालेला माल त्यांच्या टेबलावरून पुढे जायचा. ठीक असेल तर पास, नाहीतर लाल खडूची फुली. वीस वर्षं त्यांनी एवढंच केलं. सगळे कामगार त्यांना टरकून असत आणि माघारी शिव्या देत. गावाकडची जमीन वडिलांच्या वेळीच भातसाच्या धरणात गेलेली, त्यामुळे नोकरी हेच त्यांचं शेत. बायको आणि दोन मुलींसह ते आमच्याच चाळीत, शेवटच्या खोलीत राहत.

नव्वदचं दशक संपता संपता कारखान्याला टाळं लागलं. मग शेजारच्या कारखान्याला, मग त्याच्या पलीकडच्या. बाजार भरलेला असायचा, पण आमच्या चाळीत रोकड म्हणून कुणाकडे दिसायची नाही. हळूहळू अदलाबदल सुरू झाली. हे शेतकऱ्यांची अवजारं जोडून द्यायचे आणि तांदूळ आणायचे. मी ब्लाउज शिवून वाल, नाचणी घ्यायचे. कॅन्टीनचा आचारी लग्नाची पंगत रांधून सरपण घेऊन यायचा. न्हावी तर अंड्यांवर केस कापायला लागला होता. ज्याच्या हातात काही कला होती त्याची चूल पेटत होती.

विशेंच्या हातात काय होतं? दुसऱ्यानं केलेल्या कामातली चूक दाखवायची, बस. विहीर खणायला गेले तर दुसऱ्या दिवशी कंबर धरून परत आले. मग आपणहूनच ते आमच्या अदलाबदलीत उभे राहायला लागले. सरपण ओलं आहे, वालात किडके आहेत, हे त्यांना लांबूनच कळायचं. सुरुवातीला आम्हाला बरं वाटलं. आमची फसवणूक टळायची म्हणून लोक त्यांना ओंजळभर काहीतरी द्यायचे आणि ते घ्यायचे. काम केलेलं नसेल तर मात्र गुळाचा खडासुद्धा नाही. "फुकटचं पचत नाय आमाला," हे ठरलेलं उत्तर.

पण हा माणूस फक्त समोरच्याच्या मालावर थांबला तर तो विशे कसला! किन्हवलीकडची एक बाई माझ्याकडून चार ब्लाउज न्यायला आली. मी वालाची पिशवी हातात घेतलेली, तेवढ्यात विशे मध्ये. "काखेत शिलाई एकेरी हाय. दुहेरी मारा." बाईनं पिशवी परत घेतली आणि मला चारही ब्लाउज उसवून शिवावे लागले.

"आपल्याच माणसाचं काम पाडता?" मी ओरडले.

"वैनी, मालाला नातं नसतं," ते शांतपणे म्हणाले. "माल पास, नायतर नापास."

आमच्या भांडणाचं खरं कारण घडलं ते पावसाळ्याच्या तोंडावर. हरडकाका म्हणून एक शेतकरी होते, त्यांची भातगिरणी होती. तिच्या इंजिनाची लोखंडी बैठक मोडली होती. ती ह्यांनी जोडून द्यायची आणि बदल्यात हरडकाकांनी आम्हाला पावसाळ्याच्या चार महिन्यांचा तांदूळ द्यायचा, असं ठरलं. मी डबे घासून, उन्हात वाळवून ठेवले होते. काका बैलगाडी घेऊन आले, गाडीत पोती. ह्यांनी बैठक बाहेर काढली आणि विशे पुढे झाले. जोडावरून नख फिरवलं, कान लावून बोटानं ठोकलं.

"नापास. आत पोकळ हाय. इंजिन सुटल नि कोणाचा तरी जीव जाईल."

"विशे, तुमी गप ऱ्हावा!" हे म्हणाले.

"कसा ऱ्हाऊ? ओल्या कांड्यांनी वेल्डिंग केलाय तुमी. माझ्यासमोर केलाय."

खरंच होतं ते. नव्या कांड्या मिळत नव्हत्या, जुन्या सर्दावलेल्या वापरल्या होत्या. हरडकाकांनी बैठक गाडीत टाकायला लावली. "दुसरीकडना करून घेतो," म्हणाले, आणि आमचा तांदूळ माझ्या डोळ्यांदेखत परत गेला. ह्यांनी त्याच कांड्यांनी जोडलेला उरलेला तुकडा घेतला, विशे खोटे आहेत हे दाखवायला त्यावर हातोडा घातला. दुसऱ्याच घावात तुकडा तुटला. माणूस खोटं बोलला असता तर मी कधीतरी माफ केलं असतं. खरं बोलला म्हणून माझं डोकं जास्तच फिरलं.

तो पावसाळा आम्ही नाचणीच्या आंबिलीवर आणि टाकळ्याच्या भाजीवर काढला. चाळीत विशेंना कुणी बोलवेना. श्रावणात ते माझ्या दारात आले. हातात फडक्यात गुंडाळलेलं व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं स्टीलचं माप. स्वतःच्या पगारातून घेतलेलं, मुलींनाही हात लावू देत नसत.

"वैनी, ह्ये ठेवा. पायलीभर तांदूळ द्या."

दोन दिवसांपूर्वीच ह्यांना कुठूनतरी थोडा तांदूळ मिळाला होता. डब्यात होता. मी म्हणाले, "हे शिजवून खाऊ का मी?"

त्यांनी व्हर्नियरकडे पाहिलं. उलटसुलट करून पाहिलं. "बरोबर हाय, वैनी. तुमच्या कामाचं नाय," म्हणाले आणि ते पुन्हा फडक्यात गुंडाळून निघून गेले. आठवड्याच्या आत त्यांनी खोली सोडली. भिवंडीला गोदामावर वॉचमन म्हणून लागले, असं कळलं.

दिवाळीनंतर हरडकाकांची गाडी पुन्हा दारात. दुसरीकडून जोडून घेतलेली बैठक पहिल्याच हंगामात मोडली होती, गिरणीचा पट्टा गड्याच्या कानाजवळून गेला होता. काकांनी या वेळी नव्या कांड्याही आणल्या होत्या.

"तुमचा तो माणूस कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "आपल्याच लोकांचा काम नापास करतो, असा माणूस नाय बघितला. तो हाय तिथंच मी काम देनार. ही पिशवी त्याची."

तांदळाची पिशवी होती. विशे भिवंडीला गेल्याचं ह्यांनी सांगितलं, तरी काकांनी काम आमच्याकडेच ठेवलं. ह्यांनी काम चोख करून दिलं, आमचा तांदूळ आला, आणि विशेंची पिशवी घेऊन हे एसटीनं भिवंडीला गेले. दोन दिवस गोदामं पालथी घालून त्यांना शोधून काढलं. परत आले ते पिशवीसकट.

"म्हणाले, ह्या वेळी मी काय काम केला? फुकटचं पचत नाय," हे सांगत होते. मी कपाळावर हात मारला. मुली तिकडे काय खात होत्या कुणास ठाऊक, आणि हा बाबा तत्त्व घेऊन बसलेला! "आणि तुझ्यासाठी निरोप दिलाय. तांदूळ जुना दिसतो पण नवा हाय, वैनींना म्हणावं पाणी कमी घाला."

मला आणखी संताप आला. भाताच्या गावात जन्मलेल्या बाईला भात शिकवतात! मी मुद्दाम नेहमीएवढंच पाणी घातलं. भाताचा गिचका झाला. आम्ही दोघांनी तोच खाल्ला.

"एकदा भिवंडीला जाऊन ये," हे म्हणाले. जाईन म्हटलं. मग शिवणाचं काम होतं, मग माहेरचं लग्न होतं, मग आणखी काहीतरी. फाल्गुनात विशेंच्या बायकोचा निरोप आला. काविळीनं गेले होते, दिवसही होऊन गेले होते.

भिवंडी काही लांब नाही. मुरबाडहून कल्याण, कल्याणहून पुढे. कुणी विचारलं तर मी अजून सांगते, एसटी वेळेवर मिळायची नाही. खरी गोष्ट अशी की मला त्यांच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. डब्यात तांदूळ असताना मी त्यांना रिकाम्या हातानं पाठवलं होतं, आणि त्या माणसाला ते माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असतं.