हुंग्यामामाने नाव बदललं नाही

कोणी काहीही हातात दिलं की मामा आधी ते हुंगून पाहायचा. चहा हुंगायचा, पेढा हुंगायचा, एकदा तर लग्नाची पत्रिकाही हुंगली. कारध्याला वैनगंगेवर मासे धरणाऱ्या घरात तो वाढलेला. शिळी मासळी डोळ्याआधी नाकाला कळते, असं त्याचं म्हणणं. वरठीजवळच्या एका कारखान्यात आम्ही ठेकेदाराकडे माल चढवायच्या-उतरवायच्या कामावर होतो. तिथेच त्याचं हुंग्यामामा झालं. तोंडावर म्हटलं तरी तो चिडत नसे. हे नाव तुम्हाला शिकवलं कोणी, एवढी चौकशी मात्र करी.

गोष्ट आणीबाणी उठल्यानंतरची. ठेकेदाराची एक रीत होती. काही महिने झाले की मुकादम फाटकावर सांगायचा, "उद्यापासून तू महादेव." मग देवरामचा मी महादेव होई, शेजारचा शामराव गणपत होई, आणि हजेरीला त्याच नावाने 'हो' म्हणावं लागे. माणूस तोच, काम तेच, कागदावर मात्र सगळे नवखे. सलग काम दिसलं तर हे लोक कायम करा म्हणतील, ही ठेकेदाराची धास्ती. आम्हाला चूल पेटल्याशी मतलब. मामा एकटा अडून बसला. "माह्या नावाले का किडे लागले? मी नाई बदलत." मुकादम त्याला घरी बसवी, मामा खुशाल नदीत जाळं टाकी. पण वॅगनी तुंबल्या की असा दणकट गडी लागायचाच. मग त्याच्याच नावाने त्याला परत घ्यावं लागे.

पुढे भंडाऱ्याहून युनियनचा एक माणूस येऊ लागला. आम्ही हरखलो. मामा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "हा बसते तवा चपला पायातच ठेवते. उठून पळाची तयारी हाय याची." पुढच्या खेपेला त्या बिचाऱ्याने चपला दाराबाहेर काढल्या, तर मामा आणखीच सावध झाला. "याले आपल्यातलं कोण सांगून रायलं?" मामासारख्या माणसासोबत युनियन बांधायची म्हणजे डोक्याला ताप. बैठकासुद्धा तो शहापूरच्या बाजारात, भाजी निवडता निवडता उरकायला लावी. पण एक खरं, मुकादमाला त्यांचा सुगावा कधी लागला नाही.

अखेर सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागली. कायम व्हायचं तर हीच वाट होती. साहेबांनी शामरावला नाव विचारलं. समोर मुकादम बसलेला, अंगात इतक्या वर्षांची सवय. शामराव चटकन म्हणाला, "गणपत." त्याच्या मागचाही तसाच चुकला. मी मनात देवराम, देवराम घोकत उठलो आणि तोंडातून निघालं, "महादेव." ठेकेदाराचा वकील हसला. हे तर कालपरवाचे लोक, साहेब, म्हणाला.

तेव्हा मामा उठला. जुन्या हजेरीत आणि नव्या हजेरीत एकच नाव असलेला आमच्यात तो एकटाच होता. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत तो बोलू लागला. "हा गणपत नोहे, शामराव होय. इतके साल माह्या संगं वॅगनी खाली करून रायला. हा देवराम. याचं लगन झालं तवाही हा इथंच होता." साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

मधल्या काळात ठेकेदाराने मामाला आत बोलावलं. बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "साक्ष फिरव, तुले एकट्याले कायम करतो म्हणते."

"मग?"

"नाई म्हटलं."

आमच्यातल्या एकाचाही विश्वास बसला नाही. शंका घ्यायला त्यानेच शिकवलं होतं. शामराव मुद्दाम कारध्याला जाऊन त्याच्या दारात नवी सायकल आली का ते पाहून आला. दारात जाळंच वाळत होतं. आम्हाला वाटलं होतं, नेहमीसारखं घरी बसवलं असेल; पण मामाला कामावरून कायमचं बंद केलं होतं, आणि हे तो आम्हाला बोललाही नव्हता. पुढच्या तारखेला त्याने तीच साक्ष दिली, शब्द न बदलता. शामराव तिथेच रडला.

निकाल लागायला वर्षं गेली. निकालाच्या दिवशी जे कामावर होते तेवढे कायम झाले. मामा नव्हता. त्याच्यासाठी खूप खटपट केली, पण जमलं नाही. याची बोच अजून जात नाही.

पुढे मी युनियनचा सेक्रेटरी झालो. एकदा कारध्याच्या पुलाजवळ मामा मासे विकताना दिसला. मी सायकलवरून उतरून पाया पडलो. त्याने ख्यालीखुशाली विचारली नाही.

"नव्या ठेकेदारानं नवे मजूर आणले म्हणते. त्याहिले घेतलं का तुमच्या युनियनमंदी?"

"पाहू, मामा."

मुकादमाकडे पाहायचा तसंच त्याने माझ्याकडे पाहिलं. "पाहू म्हणते," तो टोपलीतल्या मासळीला म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ती आमची शेवटची भेट.

दुसऱ्या दिवशी मी फाटकातून सरळ आत गेलो नाही. बाहेर उभ्या असलेल्या नव्या मजुरांपाशी थांबलो आणि पहिल्याला विचारलं, "भाऊ, नाव का तुहं?"

त्याने आधी मुकादमाकडे चोरून पाहिलं, मग मला नखशिखांत न्याहाळलं.

"कोणतं पायजे?" तो म्हणाला.