पहिल्या पडद्यावरचे साहेब

सुप्याच्या कारखान्यात मी ड्रॉइंग काढायला तात्पुरती म्हणून लागले होते. ऑफिसात संगणक एकच आणि त्यावर डोळा चार खात्यांचा. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतला छोटासा प्रोग्राम मी त्यावर टाकला. एका पडद्याचे चार पडदे व्हायचे, बटण दाबलं की दुसरा समोर. प्रत्येकावर वेगळं काम उघडं ठेवावं, पसारा होऊ नये, एवढाच माझा हेतू.

साहेबांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. वाटणी करायचं मात्र बरोबर सुचलं. पहिला पडदा त्यांचा, दुसरा खरेदीचा, तिसरा हिशेबाचा, चौथा माझा. पहिल्यावर देवाचा फोटो लागला आणि विचारल्याशिवाय तिथे कुणी यायचं नाही, असा हुकूम सुटला. लोक त्या पडद्याला चक्क केबिन म्हणू लागले. हिशेबनीस चुकून तिथे पोचले की "सॉरी साहेब" म्हणायचे, साहेब जागेवर नसले तरी!

पुढे पुण्याची एक पार्टी माझं ड्रॉइंग बघायला येणार होती. ऑर्डर मिळाली तर तुम्हाला कायम करतो, असा साहेबांनी शब्द दिला होता. त्या सकाळी त्यांनी ड्रॉइंग आपल्या पडद्यावर उघडलं आणि तसंच टाकून पारनेरला लग्नाला गेले. एकीकडे उघडलेलं ड्रॉइंग दुसरीकडे उघडत नसे.

पाहुणे आले. मी माउसला हात लावला तोच सुपरवायझर धावले.

"मॅडम, सायबांला इचारल्याबिगर न्हाई जायचं तिथं!"

एक बटण दाबायची परवानगी आणायला त्यांनी माणूस लुनावर पारनेरला पिटाळला. पाहुण्यांचे दोन चहा झाले. माणूस परतला.

"सायेब पंगतीला बसल्यात. आल्यावर बघू म्हनले."

पाहुणे उठायला लागले आणि माझं डोकं फिरलं. या येड्यांच्या बाजारापायी मी नोकरी घालवू? मी बटण दाबलं.

ड्रॉइंग दिसेचना. त्यावर पत्त्यांचा डाव मांडलेला होता, अर्धवट. पाहुणे हसले. मी डाव बंद केला आणि ड्रॉइंग दाखवलं.

ऑर्डर मिळाली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला खऱ्या केबिनमध्ये बोलावलं.

"ऑर्डरचं ठीक आहे हो. पण न विचारता आत शिरणाऱ्या बाईला कायम कसं करायचं?"

मी जायला वळले. मागून ते म्हणाले, "डाव सुटत आला होता."